पेंटरला सगळ्यात शेवटी बोलवा

ओलीमुळे भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके दिसले की पहिला फोन पेंटरला जातो. तो येतो, नखाने पोपडा उचकटतो, बोटाने भिंत दाबून बघतो आणि म्हणतो काही नाही भाभी, घासून पुट्टी मारू, वरून दोन हात अँटीफंगलचे, गॅरंटी देतो. माझं आता ठाम मत झालंय की या सगळ्या प्रकरणात पेंटर हा शेवटी यायचा माणूस आहे आणि आपण त्यालाच सगळ्यात आधी बोलावतो, म्हणून तोच खर्च दर एक-दोन पावसाळ्यांनी परत होतो. आधी बहिणीने विचारलं, मग ऑफिसातल्या दोघींनी, मग नणंदेच्या जावेने, की तुम्ही नक्की काय काय केलंत. फोनवर सांगून सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

आमचं घर ठाण्यात, नव्वदच्या दशकातली चार मजली बिल्डिंग, आम्ही तिसऱ्यावर. सासूबाईंच्या बेडरूमची पश्चिमेची भिंत म्हणजे डेड वॉल, एकही खिडकी नाही, वर छज्जा नाही, समोर मोकळं मैदान, त्यामुळे जून ते सप्टेंबर नैऋत्येकडून येणारा सगळा पाऊस वाऱ्यासकट थेट त्या भिंतीवर आपटतो. पेंटरने गॅरंटी दिली होती ती पहिल्या पावसाळ्यात कशीबशी टिकली. दुसऱ्या वर्षी जुलैच्या मध्याला कपाटामागे पेंटला फुगे आले, एक फुगा मी बोटाने फोडला तर आतून चमचाभर मातकट पाणी आलं आणि मागची पुट्टी ओल्या खडूसारखी बोटाला लागली. कपाट पुढे ओढलं तर प्लायच्या मागच्या बाजूला हिरवट काळी मखमल. आईंची (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो) लग्नातली पैठणी कपाटात मागच्या बाजूला होती, तिच्या घडीवर करडे ठिपके. नवऱ्याच्या चामड्याच्या बेल्टचं तर विचारूच नका. आणि तो कुबट वास, जो बाहेरून आलेल्या माणसाला दारातच येतो आणि घरातल्यांना येईनासा झालेला असतो.

पण साडी आणि बेल्टवर भागलं असतं तर मी एवढी मागे लागले नसते. आईंना दमा आहे, जुना, पण पंप घेऊन व्यवस्थित चाललेला. त्या पावसाळ्यात रात्री दोन-तीनला खोकल्याची ढास लागायची, उठून बसायच्या, नेब्युलायझर लावायला लागायचा. गंमत म्हणजे मधे पुण्याला नणंदेकडे राहायला गेल्या तर तिकडे छान झोपल्या, पाऊस पुण्यातही होताच. परत आल्या आणि पुन्हा तेच सुरू. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की प्रश्न नुसत्या पावसाळी हवेचा नाहीये, प्रश्न त्या खोलीचा आहे.

छातीच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधीच प्रश्नांची सरबत्ती केली. घरात कुठे ओल आहे का, कूलर वापरता का, एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतरं बसतात का, पक्षी पाळलाय का, बेडची गादी किती जुनी, खोकला घरी जास्त की बाहेर. मला वाटलं हे काय चौकशी समिती. मग त्यांनी समजावलं की दमा असलेल्या माणसाला ओल्या घराचा त्रास दोन बाजूंनी होतो. बुरशीचे स्पोअर्स म्हणजे हवेत उडणारे बीजकण इतके बारीक असतात, काही तर दोन-तीन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), की नाकात न अडकता खाली फुप्फुसापर्यंत पोचतात. आणि जिथे बुरशीला पुरेशी ओल आहे तिथे गादी-उशीतले डस्ट माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, तेसुद्धा जोमात असतात कारण त्यांनाही दमट हवाच लागते, म्हणजे एकावर एक फ्री. बऱ्याच लोकांना यातून फक्त शिंका, नाक चोंदणं, डोळे खाजणं एवढंच होतं. दमा असलेल्यांना अटॅक वाढतात. आणि दम्याच्या काही पेशंट्सना अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीची फुप्फुसातच अ‍ॅलर्जी बसते, एबीपीए म्हणतात त्याला, वेळेत कळलं नाही तर श्वासनळ्या कायमच्या रुंदावतात, आणि आपल्याकडे एक्स-रेवरचे डाग बघून टीबी समजून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या जातात असंही होतं. हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

कबुतरं आणि कूलरचं का विचारलं तेही त्यांनी सांगितलं. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस नावाचा एक आजार आहे, त्यात श्वासातून आत जाणाऱ्या असल्या गोष्टींना फुप्फुसं हळूहळू रिअ‍ॅक्ट होत जातात आणि शेवटी त्यात कडकपणा येऊ शकतो. भारतातल्या फुप्फुसाच्या अशा (इंटरस्टिशियल) आजारांची एक मोठी रजिस्ट्री, म्हणजे पेशंट्सची एकत्रित नोंद, झाली होती, २०१७ मध्ये तिचे आकडे आले, १०८४ पेशंट्स होते आणि त्यातले जवळपास निम्मे, ४७.३ टक्के, या एकाच आजाराचे निघाले. त्यात कूलर, एसी, पक्षी आणि घरातली बुरशी या गोष्टींशी संबंध असलेले बरेच. आपण इंटरनेटवर वाचतो ते सगळं परदेशी घरांबद्दल, थंडी, बेसमेंट, लाकडी भिंती. इथे कूलरमधलं न बदललेलं पाणी आणि डक्टमधली कबुतरं जास्त महत्त्वाची.

आईंची स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजतात ती) झाली, एक्स-रे झाला, रक्तातलं आयजीई (अॅलर्जीत वाढतं ते) बघितलं, हातावर टोचून करतात ती अ‍ॅलर्जी टेस्ट झाली. माइट्स आणि अ‍ॅस्परजिलस दोन्ही पॉझिटिव्ह, पण एबीपीए नाही, एक्स-रे स्वच्छ. डॉक्टर म्हणाले पंपाचा डोस मी थोडा वाढवतो, पण खोली तुम्ही बघा, तिथे मी काही करू शकत नाही.

मी विचारलं भिंतीवरची बुरशी खरवडून लॅबमध्ये पाठवू का, कुठली आहे ते कळेल, विषारी असली तर? ते हसले. म्हणाले पैसे वाचवा आणि प्लंबरला द्या. रंगावरून जात कळत नाही, काळी दिसणारी सगळी विषारी नसते आणि पांढरी दिसणारी साधी नसते, आणि जात कळली तरी उपाय तोच. नंतर मी वाचलं, जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर गाइडलाइन्स काढल्यात, त्यातही हवेत इतके स्पोअर्स म्हणजे सेफ आणि त्याच्यावर धोका असा आकडा त्यांनी दिलेलाच नाही. ओल असेल तर ती घालवा, एवढंच.

आईंच्या मनात मात्र वेगळीच भीती होती. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर काळी बुरशी काळी बुरशी म्हणून रोज टीव्हीवर चालायचं, आमच्या ओळखीत एकांचा डोळा काढावा लागला होता, त्यामुळे भिंतीवर काळं दिसलं की त्यांना तेच आठवायचं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की आजी, ती म्युकर नावाची बुरशी, ते वेगळं, ते माती-पालापाचोळ्यात सगळीकडेच असतं आणि तेव्हा झालं ते शुगर हाताबाहेर गेलेली आणि स्टेरॉइड्स चाललेली अशा लोकांना जास्त झालं. तुमच्या भिंतीमुळे डोळा जाणार नाही, खोकला मात्र जाणार नाही. मग कुठे त्या निवांत झाल्या. अर्थात केमो चालू असलेला, ट्रान्सप्लांट झालेला, प्रतिकारशक्ती फार कमी असलेला माणूस घरात असेल तर बुरशीचं खरंखुरं इन्फेक्शनही होऊ शकतं, अशा माणसाला त्या खोलीत ठेवूच नये, आणि साफसफाईच्या वेळी तर घरातही नको.

आता भिंत.

पहिला प्रश्न हा की पाणी येतंय कुठून, आणि याचं उत्तर प्रत्येक जण आपापल्या धंद्याप्रमाणे देतो. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो बाहेरून, प्लंबर म्हणतो वरच्यांच्या बाथरूममधून, सेक्रेटरी काका म्हणतात तुमच्या घरात हवा खेळत नाही. म्हणून मी ठरवलं आधी आपणच बघू. सगळ्यात सोपी खूण म्हणजे महिना. मे मध्ये ती भिंत कोरडीठाक असायची, पावसाने जोर धरला की आठवड्याभरात ओल वर यायची, आणि नवरात्रापर्यंत वाळत जायची. पाइपचं लीकेज असतं तर ते बारा महिने दिसलं असतं, वरच्यांच्या बाथरूमचा काही दोष असता तर ते आंघोळ करतात म्हणून मे मध्येही दिसलं असतं. तरी वरच्या काकूंच्या परवानगीने प्लंबर नेऊन त्यांचा नहाणी ट्रॅप (बाथरूमचं पाणी जातं ते जाळीचं भोक) आणि टाइल्सचे सांधे बघून घेतले, म्हणजे उद्या मीटिंगमध्ये कोणी तो फाटा फोडायला नको.

दुसरी गोष्ट फॉइल. स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल घ्यायचा, हातभर लांबरुंद तुकडा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करून भिंतीला लावायचा आणि एक-दोन दिवस हात लावायचा नाही. मग बघायचं. खोलीच्या बाजूने दव धरलं असेल तर ते हवेतलं पाणी. उचकटल्यावर मागच्या बाजूने ओलं असेल तर ते भिंतीतून येतंय. एक अडचण अशी की आमच्या भिंतीवर टेप चिकटेचना, पेंटच सुटून टेपसोबत येत होता, मग कडेचे पोपडे ओलं फडकं लावून काढले आणि खाकी पॅकिंग टेप लावला. आईंच्या खोलीत फॉइलच्या मागे अक्षरशः थेंब. ठीक, म्हणजे बाहेरून.

पण मी हौसेने लेकीच्या खोलीतही एक फॉइल लावला होता, कारण तिच्या वॉर्डरोबच्या मागेही कोपऱ्यात ठिपके होते आणि आम्ही सगळे समजत होतो की डेड वॉलचंच पाणी फिरून तिकडे गेलंय. तिथे मागची बाजू कोरडी! ओलं होतं ते पुढून. हे आधी कळेचना. ती भिंत आतली, पलीकडे आमचाच हॉल, मग पाणी कुठलं? तर सापडलं ते असं. जुलैत बाहेरची हवा २८ डिग्री आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्या हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला २५ डिग्रीचा पृष्ठभाग पुरतो. लेक रात्रभर एसी २२ वर लावून झोपायची, भिंत गार पडायची, वॉर्डरोबमागे तर हवाच फिरत नाही, आणि सकाळी उठून ताजी हवा म्हणून खिडकी सताड उघडायची, की बाहेरची दमट हवा थेट त्या गार भिंतीवर. त्यात भर म्हणजे बाल्कनीत पाऊस येतो म्हणून आमच्या धुण्याचा स्टँड तिच्याच खोलीत. मशीनमधून पिळून निघालेल्या एका घाण्याच्या कपड्यांतही दीड-दोन लिटर पाणी असतं, ते वाळतं म्हणजे जातं कुठे, हवेतच. म्हणजे एका घरात दोन बुरश्या, दिसायला सारख्या, एकीचं पाणी बाहेरचं आणि एकीचं घरचंच. डेड वॉलवर लाखभर रुपये घातले असते तरी लेकीच्या खोलीतली हलली नसती. मला या सगळ्यात हे कळणं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल घड्याळासारखं यंत्र ऑनलाइन चार-पाचशेला मिळतं, हायग्रोमीटर. ते घ्याच. बुरशीला रोखायचं तर घरात साठच्या खाली, जमलं तर पन्नासच्या आसपास आर्द्रता हवी असं सांगतात. पहिल्या दिवशी लेकीच्या खोलीत कपडे वाळत असताना आकडा ८८ होता.

आणखी एक, भिंतीच्या खालच्या भागात पांढरी भुकटी दिसते तिला लोक बुरशी समजतात. तो लोणा, सिमेंट-विटेतले क्षार पाण्याबरोबर वर येऊन सुकतात. पाण्याचा थेंब टाकून बघा, क्षार विरघळतात, बुरशी विरघळत नाही. लोण्याने श्वासाला तसा काही धोका नाही पण भिंतीत पाणी फिरतंय याचा तो पुरावाच.

पुरावा लागणार होता कारण पुढे सोसायटी होती. सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये स्पष्ट लिहिलंय की बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या कॉमन पाइपलाइन्स आणि ड्रेनेज यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, आणि फ्लॅटच्या आतलं संडास-बाथरूम-सिंकचं लीकेज मेंबरच्या खर्चाने. पण लिहिलेलं असणं वेगळं आणि कमिटीने ते मान्य करणं वेगळं. मीटिंगमध्ये तळमजल्यावरचे एक काका उठले, "तिसऱ्या मजल्याच्या ओलीचे पैसे आम्ही का भरायचे?" मी म्हटलं काका लिफ्टही तुम्ही वापरत नाही. ते जरा जास्तच झालं, नवऱ्याने खाली बसवलं मला. मग फोटो दाखवले. मैदानापलीकडच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून मोबाइल झूम करून काढलेले, त्यात दोन गोष्टी दिसत होत्या. आमच्या मजल्याच्या बीमच्या बरोबर खाली, जिथे काँक्रीट संपून वीटकाम सुरू होतं, तिथे आडवी सरळ भेग, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. काँक्रीट आणि वीट उन्हापावसात सारखी फुगत-आकसत नाहीत म्हणून तो सांधा उघडतो, जुन्या बिल्डिंग्जमध्ये अगदी ठरलेली जागा. आणि दुसरं म्हणजे पावसाच्या पाण्याचा डाऊनटेक पाइप, त्याच्या जोडात उगवलेलं हिरवंगार पिंपळाचं रोप. पिंपळाचा फोटो बघून मात्र सगळे गप्प झाले, कारण ती मुळं कुठवर जातात हे सगळ्यांना माहीत असतं.

ठराव झाला, पण काम पावसात करता येत नाही. ओल्या भिंतीवर बहुतेक कोटिंग्ज धरत नाहीत, त्यामुळे जो कोणी ऑगस्टमध्ये येऊन आजच मारून देतो म्हणेल त्याला चहा पाजून परत पाठवा. दिवाळीनंतर ते मे पर्यंतचा काळ याचा. तोवर काय? माझं माहेर दापोलीकडचं. तिकडे पाऊस लागायच्या आधी पडवीला, वाऱ्याच्या अंगाला नारळाच्या झापांची झड बांधायचे, मातीच्या भिंतीला थेट मार लागू नये म्हणून. तोच हिशोब धरून आम्ही गच्चीवरून निळी ताडपत्री सोडली, वर कठड्याला आणि खाली दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलला बांधली. वाऱ्याने रात्रभर फडफड व्हायची, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी दोनदा तक्रार केली, पण आतली ओल पुढे पसरायची थांबली. आईंचा पलंग हॉलमध्ये आणला आणि त्या खोलीचं दार बंद ठेवलं. खोकला महिन्याभरात निम्म्यावर आला, भिंतीला कोणी हातही लावला नव्हता तेव्हा.

नोव्हेंबरात झुला लागला, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर काम करायला गच्चीवरून दोरांनी सोडतात ती फळी. दोन पोरं वरून खाली हातोडीने ठोकत आली, जिथे बद्द आवाज तिथलं प्लास्टर पोकळ, तिथे खडूने गोल. बीमखालची भेग नुसती भरली नाही, आधी व्ही आकारात खोदून रुंद केली, पॉलिमर घातलेलं मॉर्टर भरलं, वरून सांध्यावर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) मारून प्लास्टर केलं. पिंपळ नुसता उपटला तर परत येतो, म्हणून मुळांपर्यंत खोदून औषध घालून मग जागा भरली. डाऊनटेकचा जोड बदलला. मग पूर्ण वाळल्यावर बाहेरून लवचिक कोटिंगचे दोन हात. कोटिंगच्या आधी मी हट्टाने पाण्याची टेस्ट करून घेतली, होजने पाणी मारायचं पण खालून सुरू करून हळूहळू वर जायचं, वरून मारलं तर पाणी ओघळून सगळीकडे जातं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. कॉन्ट्रॅक्टर वैतागला. वैतागू दे. टेस्टमध्ये एसीच्या जुन्या पाइपचं एक भोक सापडलं, जे कोणी बुजवलंच नव्हतं.

आतलं साफ करण्याबद्दल जरा नीट सांगते, कारण इथे लोक उत्साहात उलटं करून बसतात. सुकी बुरशी झाडूने झटकायची नाही, ब्रशने खरवडायची नाही, सॅण्डपेपर तर नाहीच, त्याने स्पोअर्स अख्ख्या घरभर. आईंना पुण्याला पाठवलं, लेक शाळेत, दाराच्या फटीत ओला टॉवेल, पंखा बंद, खिडकी उघडी. एन-९५ मास्क (कोविडच्या वेळचे होतेच पडलेले), रबरी हातमोजे, आणि डोळ्यांना नवऱ्याचा स्विमिंगचा गॉगल, फोटो काढला असता तर सात पिढ्या हसल्या असत्या. स्प्रेने ठिपके ओले करायचे, साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसायचे, फडकं लगेच पिशवीत. पट्टा साधारण दहा चौरस फुटांच्या आत असेल तर घरी करावं, त्याहून मोठं असेल तर माहितगार माणसाला बोलवावं असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते, मला ते व्यवहारी वाटलं.

ब्लीचचं म्हणाल तर टाइल्स-काचेवर ठीक आहे पण प्लास्टर आणि लाकडावर त्याचा रंग उडतो आणि आपल्याला वाटतं गेली, तर मुळं आत तशीच आणि वर ब्लीचमधलं पाणी मुरतं ते वेगळंच. आणि ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही, अगदी कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू होतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. आमच्या कामवाल्या मावशींना चांगलं चकचकीत होतं म्हणून दोन्ही एकदम ओतायची सवय होती, ती मोडायला बुरशीपेक्षा जास्त वेळ लागला.

वॉर्डरोबची मागची प्लाय टाकून दिली, प्लायमध्ये बुरशी आतपर्यंत जाते, पुसून उपयोग नसतो. आईंची कापसाची गादीही काढली, त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. पैठणी मात्र वाचली, मऊ ब्रशने गच्चीत उन्हात झटकून (उघड्यावर, मास्क लावून) मग ड्रायक्लीनला. आतलं फुगलेलं प्लास्टर विटेपर्यंत काढलं आणि तसंच उघडं ठेवलं, जवळजवळ सगळी थंडी. येणारा-जाणारा विचारायचा, काम अर्धवट का सोडलंय. पुन्हा फॉइल लावला, मागची बाजू कोरडी आली, तेव्हा कुठे नवीन प्लास्टर, आणि त्या भिंतीवर आत जिप्समचं काही करू दिलं नाही, ते ओल धरलं की मऊ पडतं. मग पेंटर. त्याने पुन्हा अँटीफंगल म्हटलं, मी म्हटलं मारा, आता मारा.

लेकीच्या खोलीत फोडाफोड काहीच नाही. वॉर्डरोब भिंतीपासून चार बोटं पुढे, एसी २६ वर आणि पावसाळ्यात ड्राय मोडवर, सकाळी एसी बंद केल्या केल्या खिडकी उघडायची नाही. कपडे आता बाथरूममध्ये दोरीवर, दार बंद आणि एक्झॉस्ट फॅन चालू. अगदीच झड लागली तर डिह्युमिडिफायर, तो पंधरा हजारांच्या आसपास पडला. पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत टाकी भरली, लेकीने ते पाणी बादलीत ओतून आजीला दाखवायला नेलं की बघ हे आपण श्वासात घेत होतो. आजी म्हणाल्या झाडांना घाल. कपाटात ठेवायचे ते ओलावा शोषणारे डबे पण मिळतात, कॅल्शियम क्लोराइडचे, बंद कपाटाला चालतात, खोलीला त्यांचा काही उपयोग नाही, आणि त्यात साठलेलं पाणी चामड्यावर किंवा सिल्कवर सांडलं तर डाग जात नाही.

नवऱ्याचा मावसभाऊ मँचेस्टरला भाड्याने राहतो, त्याला हे सगळं सांगत होतो तर तो म्हणाला तिकडे बुरशीवर कायदाच झालाय. त्याच्या घराजवळ रॉचडेलला दोन वर्षांचा एक मुलगा २०२० मध्ये गेला, सोशल हाउसिंगच्या म्हणजे संस्थेने कमी भाड्याने दिलेल्या, बुरशी लागलेल्या घरात राहून श्वासाचा त्रास होऊन, कोरोनरने २०२२ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं. त्या मुलाच्या नावाने झालेल्या कायद्यात अशा संस्थांना ठराविक मुदतीत तपासणी आणि दुरुस्ती करावीच लागते. तिथेही आधी त्या कुटुंबाला सांगितलं होतं, रंग मारून घ्या.

यंदाच्या पावसात आईंची भिंत कोरडी राहिलीये, नेब्युलायझर क्वचित बाहेर येतो, पंपाचा डोस डॉक्टरांनी परत पहिल्यावर आणलाय. लॉफ्टच्या कोपऱ्यात एक वितभर डाग अजून आहे, त्यावर फॉइल लावून ठेवलाय, बघू काय निघतंय. आणि बी विंगची डेड वॉल तशीच बाकी आहे, तळमजल्याच्या काकांचा मुलगा तिकडे दुसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे आता कोटेशन्स मागवायचं काम काकांनी स्वतःहून अंगावर घेतलंय.